बावन्न खड्डे, तेरा गोण्या

"पंच्याऐंशी गोण्या?" दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "स्लॅब केवढा आहे, ताई?"

"स्लॅब नाही. कुंपण आहे."

"म्हणजे कंपाउंड वॉल."

"नाही हो, तारेचं. सिमेंटचे पोल रोवायचेत. बावन्न."

त्याने काउंटरवर चहा पीत असलेल्या टेंपोवाल्याकडे पाहिलं, टेंपोवाल्याने माझ्या हातातल्या कागदाकडे. दोघंही हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "एकदा मिस्त्रीला विचारून या," दुकानदार म्हणाला, "सिमेंट कुठे पळून जात नाही."

मी अकाउंट्समध्ये काम करते. आकड्यांवरून मला कुणी परत पाठवलं, असं गेल्या वीस वर्षांत झालेलं नव्हतं. स्कूटर सिंहगड रोडच्या कडेला लावून मी तो कागद पुन्हा तपासला. बेरीज बरोबर, गुणाकार बरोबर. चूक गणितात नव्हतीच, 'गोणी' या शब्दात होती. ते कळायला मला रात्र लागली.

जागा डोणज्याजवळ, सिंहगडाच्या पायथ्याशी. सासूबाईंना माहेरच्या वाटणीत मिळालेली, १२० फूट बाय ९० फूट, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. एका बाजूला त्यांच्या भावाचं, म्हणजे आमच्या मामांचं घर आणि गोठा, दुसऱ्या बाजूला ओढा, बाकी दोन बाजूंना आता प्लॉटिंगवाले. हद्द कायम करायची मोजणी झाली, दगड बसले आणि त्याच आठवड्यात कुणीतरी आमच्या हद्दीच्या आत चार फूट राडारोडा टाकून गेलं. मामा फोनवर म्हणाले, "सूनबाई, पावसाळ्याच्या आत तार ओढा. नाहीतर दगड पण चालायला लागतील."

नवऱ्याने काम माझ्यावर टाकलं, कारण 'हिशेब तुझा चांगला'.

मी नेटवर एक तयार गणित शोधलं. पोलची जाडी टाका, खड्ड्याची रुंदी आणि खोली टाका, पोल किती ते टाका, खाली उत्तर येतं. सगळं फूट-इंचात होतं, त्यामुळे आपलंच वाटलं. सात फुटी पोल, ४ बाय ४ इंच जाड. खड्डा एक फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट खोल. पोल ५२. उत्तर आलं: ८० पौंडाच्या ११६ गोण्या. ८० पौंड म्हणजे ३६ किलोंच्या थोडं वर. आपली गोणी ५० किलोची. म्हणून मी मोठ्या हुशारीने ११६ गुणिले ३६.३ केलं, ५०ने भागलं आणि ८५ गोण्या काढल्या.

ते पान अमेरिकेतलं होतं. तिकडच्या त्या ८० पौंडी गोणीत सिमेंट, वाळू आणि खडी एकत्र कोरडं मिसळून येतं. फाडायची, पाणी घालायचं, खड्ड्यात ओतायचं. अशा एका गोणीतून ०.६ घनफूट काँक्रीट होतं. आपल्या गोणीत नुसतं सिमेंट. वाळू आणि खडी आपण वेगळी आणतो, त्यामुळे आपली एक गोणी साडेपाच घनफुटांपर्यंत पुरते. मी तयार भेळेचं वजन करून तेवढी चिंच आणायला निघाले होते.

त्याच पानावर खोलीबद्दल बराच मजकूर होता. जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्या खाली खड्डा गेलाच पाहिजे, नाहीतर मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि पोल वर ढकलतं. पुण्याच्या डिसेंबरात शाली काढाव्या लागतात हे खरं, पण डोणज्यात जमीन गोठत नाही. आपल्याकडे तो उद्योग काळी माती करते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि नुसत्या मातीत रोवलेला पोल दोन पावसाळ्यांत तिरका होतो. आमच्या जागेत ओढ्याच्या अंगाला काळी माती आहे, गोठ्याच्या अंगाला मुरूम आणि त्याखाली आपला सह्याद्रीचा काळा पत्थर. मुरमाच्या बाजूला पोलभोवती डबर आणि मुरूम ठासून भागलं असतं, गावात बरेच जण तसंच करतात, काँक्रीट फक्त कोपऱ्यांना. मला ते अर्धं-अर्धं नको होतं. आज वाटतं, तिकडचे दहा-बारा पोल तसेच ठोकले असते तर काही बिघडलं नसतं.

मग रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसले.

एक खड्डा १ × १ × १.५, म्हणजे १.५ घनफूट. त्यातली पोलची जागा वजा: चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा, त्याचा चौरस गुणिले दीड, ०.१७ घनफूट. उरले १.३३. बावन्न खड्ड्यांचे ६९ घनफूट आणि थोडं वर.

आता सिमेंट. प्रमाण १:२:४ धरलं, एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. पण सात घनफूट कोरडा माल कालवला की सात घनफूट काँक्रीट होत नाही. शेंगदाण्याच्या भरलेल्या डब्यात वरून रवा ओतला तर तोही बराच मावतो, तसंच. खडीच्या फटीत वाळू बसते, वाळूच्या फटीत सिमेंट, आणि पाणी पडलं की सगळं आणखी खाली बसतं. म्हणून ओल्या काँक्रीटचं माप १.५४ने गुणून कोरडा माल काढतात. उलट्या बाजूने करायला मला सोपं गेलं. ५० किलोची गोणी साधारण सव्वा घनफूट. तिच्यासोबत अडीच घनफूट वाळू, पाच घनफूट खडी, एकूण पावणेनऊ. भागिले १.५४, साडेपाचच्या थोडं वर. मी साडेपाच धरलं. ६९ भागिले साडेपाच, तेरा गोण्या. म्हणजे एका गोणीत चार खड्डे.

८५ वरून १३. त्या रात्री मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मामांनी मिस्त्रींना बोलावलं होतं. साठीच्या आसपासचा माणूस, डोक्यावर टोपी, खिशात टेप नाही. मी विचारलं, "मिस्त्री, गोण्या किती लागतील?" त्यांनी जागेभोवती एक चक्कर मारली, दोन ठिकाणी टाच आपटली आणि म्हणाले, "पंचवीसेक धरा. वाळू एक ब्रास, खडी एक ब्रास."

"कसं काढलंत?"

"लागत्यात तेवढ्या."

मी वही उघडून माझं गणित दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि तंबाखू मळायला घेतली. मला वाटलं, पटलं त्यांना.

पोलच्या संख्येत मात्र त्यांनी माझी चूक लगेच धरली. मी सगळा घेर एकत्र केला होता: ४२० फूट, त्यातून फाटकाचे १२ वजा, ४०८, आठ-आठ फुटांवर ५१ गाळे, म्हणजे दोन पोलांमधली अंतरं, म्हणून ५२ पोल. मिस्त्री म्हणाले, कोपरा आठाच्या हिशेबात बसत नसतो. बाजू वेगवेगळ्या धरा. १२० फुटांच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा गाळे नीट बसतात. ९० फुटांना आठने भाग जात नाही, तिथे बारा गाळे करायचे, साडेसात फुटांचे. फाटकाच्या बाजूला ७८ फूट उरतात, दोन्हीकडे पाच-पाच. एकूण बावन्न गाळे, त्रेपन्न पोल. एकाच पोलचा फरक, पण पोलवाल्याचा टेंपो एका पोलसाठी परत येत नाही.

आणि टेकू. ते माझ्या वहीत नव्हतेच. तार ताणली की सगळा ताण कोपऱ्यावर येतो, म्हणून कोपऱ्याच्या पोलला दोन्ही तारांच्या दिशेने तिरका टेकू द्यावा लागतो. चार कोपऱ्यांचे आठ, फाटकाच्या दोन खांबांचे दोन, लांब बाजूंच्या मधल्या पोलना दोन-दोन. चौदा टेकू, त्यांचेही चौदा खड्डे. फाटकाचे खांब लोखंडी, त्यांचे खड्डे मोठे, दीड बाय दीड, दोन फूट खोल. मी हे वहीत लिहून घेतलं, आणि गोण्यांचा आकडा मात्र तेराच ठेवला. का, हे मला आजही सांगता येत नाही. रात्री मेहनतीने काढलेलं उत्तर होतं, खोडवलं नाही.

सिमेंट घेताना एक गोष्ट बरी केली, गोणीवर छापलेला आठवडा पाहून घेतला. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट घेऊ नये म्हणतात. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट होतं, गोणी ३७० रुपयांना पडली. दुकानदाराने १३ ऐकून "हां, हे बरोबर वाटतंय" म्हटलं, त्यामुळे माझा आत्मविश्वास आणखी वाढला.

वाळू म्हणजे आता क्रश सँड, नदीची वाळू माझ्या बजेटात नव्हती. अर्धा ब्रास वाळू, एक ब्रास २० एमएम खडी. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे सगळ्यांना माहीत असतं. ते मोजायचं असतं हे फार थोड्यांना. वाळूची ट्रॉली आली तेव्हा मी टेप काढला. आतून आठ फूट लांब, पाच फूट रुंद, आणि वाळू एक फूट. ८ × ५ × १, चाळीस घनफूट. अर्ध्या ब्रासला पन्नास हवेत, म्हणजे वाळू सव्वा फूट पाहिजे. ड्रायव्हर म्हणाला, रस्त्यात हादऱ्याने बसली, निघताना भरलेली होती. थोडी बसते हे खरं आहे. पण तीन इंच? मी म्हटलं, "दादा, उतरवू नका, मालकांना फोन लावा." फोन झाला, थोडी गरमागरमी झाली, आणि उरलेली दहा घनफूट खडीच्या दुसऱ्या खेपेसोबत गोण्यांत भरून आली. मामा गोठ्याच्या दारात उभे राहून हे सगळं बघत होते. संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना फोन करून सांगितलं की तुझ्या सुनेशी व्यवहार जपून करायला हवा. ही स्तुती होती, असं सासूबाईंचं म्हणणं.

खड्डे खणायला चार दिवस लागले. मी ऑफिसात होते, मामा रोज संध्याकाळी आकडा कळवायचे. आज बारा, आज सतरा. आज आठच, पत्थर लागला. पेट्रोलवर चालणारं खड्डे पाडायचं ड्रिल भाड्याने आणायचा विचार केला होता. गोल खड्डा पडतो, बारा इंची, काँक्रीट चौकोनी खड्ड्यापेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने कमी लागतं. पण मिस्त्री म्हणाले, मुरमात ठीक, मधे धोंडा आला की ते माणसालाच फिरवतं. (ऑफिसातल्या एकाने गोल खड्ड्याचं गणित करून दिलं होतं आणि माझ्या चौकोनी खड्ड्याच्या तिप्पट काँक्रीट आलं होतं. त्याने त्रिज्येच्या जागी व्यास घातला होता. गोल खड्ड्याच्या खऱ्या उत्तराच्या ते चौपट होतं, आणि सूत्र दिसायला अगदी बरोबर दिसतं.)

काँक्रीटचा दिवस रविवार. सकाळी सातला घरून निघाले, कारण नऊनंतर खडकवासल्याच्या चौपाटीवर भजी आणि कणसं खायला अर्धं पुणं येतं आणि धरणाच्या भिंतीपाशी गाड्या हलत नाहीत. पोचले तेव्हा मिस्त्रींनी कोपऱ्यांचे पोल उभे करून दोरी बांधली होती, ओळंबा लावून झाला होता. दोन गडी, एक मावशी. लोखंडी पत्र्यावर पहिली गोणी फोडली.

मिस्त्रींचं प्रमाण: एका गोणीला पाच घमेली वाळू, दहा घमेली खडी. मला वाटलं, हे अंदाजपंचे. त्यांची परवानगी घेऊन एक घमेलं वाळू मी दहा लिटरच्या बादलीत ओतून पाहिली. काठाशी सपाट केलेलं घमेलं बरोबर एक बादली, दहा लिटर. पण मावशी सपाट भरत नव्हत्या, शीग लावून भरत होत्या, आणि शिगेसकट ते चौदा लिटर निघालं. सव्वा घनफूट म्हणजे ३५ लिटर सिमेंट. त्याच्या दुप्पट वाळू ७०, म्हणजे शिगेची पाच घमेली. चौपट खडी १४०, शिगेची दहा. काटेकोर १:२:४. मिस्त्रींनी हे कधी मोजलं असेल असं वाटत नाही, त्यांच्या मिस्त्रींनी मोजलं असेल. फक्त दुपारी मावशींचे हात थकले आणि शीग खाली गेली, तेव्हा पाचाची सहा करायला हवी होती. ती मी करायला लावली, आणि मावशींनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

पाण्यावरून मात्र मिस्त्रींशी माझं वाजलं. ५० किलो सिमेंटला २५ ते २८ लिटर पाणी पुरतं, म्हणजे दहाच्या तीन बादल्यांपेक्षा कमी. ते चार ओतत होते. पातळ माल खड्ड्यात आपसूक पसरतो, ठासावा लागत नाही, त्यांचं काम झटपट होतं, पण ताकद तेवढी उतरते. मुठीत दाबला तर लाडू वळला पाहिजे, असं मी म्हटलं. "लाडू वळायचा तर घरी वळा," ते म्हणाले, पण पुढच्या गोणीपासून तीनवर आले. गडी सळईने कोचायला लागले. शेवटी सव्वातीनवर तह झाला.

माझी वही मांडीवर होतीच. एक गोणी, चार खड्डे. पहिल्या गोणीचा माल पहिल्या खड्ड्यात गेला, दुसऱ्यात गेला, आणि तिसरा निम्मा भरेपर्यंत पत्रा मोकळा झाला. म्हटलं, पहिली गोणी आहे, सांडलं असेल. दुसरी फोडली. साडेनऊला चहा आला तेव्हा दोन गोण्या संपल्या होत्या आणि पाच खड्डे भरले होते. हवे होते आठ.

चहा तसाच ठेवून टेप घेऊन निघाले. सहावा खड्डा: वर १५ इंच, १५ इंच. सातवा: १६ आणि १४. आठवा: १५ आणि १५, एका बाजूला धोंडा निघाल्याची पोकळी. एकोणिसाव्या खड्ड्यात तर मोठा दगड उचकटून काढला होता, तिथे बकरी बसली असती. खोली सगळीकडे दीड फूट, कारण पहारीवर खूण केलेली होती. रुंदीला खूण नव्हती.

"मिस्त्री, एक फुटाचे सांगितले होते ना?"

"अहो ताई, फावडं आत जायला नको? माती उपसायला हात जायला नको? मानूस खनतोय, घूस न्हाई."

तीनच इंच. वहीवर करून पाहिलं. रुंदी दोनदा गुणली जाते हे मला शाळेपासून माहीत होतं, पण त्या खड्ड्याच्या काठावर उकिडवं बसल्यावर पहिल्यांदा दिसलं. खोली तीन इंच वाढली असती तर माल सहाव्या हिश्शाने वाढला असता. लांबी-रुंदी दोन्ही तीन-तीन इंचांनी वाढल्या तर १.२५ × १.२५, दीडपटीच्याही वर. १.२५ × १.२५ × १.५ म्हणजे २.३४. पोलची जागा तेवढीच राहते, ०.१७ वजा, २.१७. एका खड्ड्याला १.३३ऐवजी २.१७. साडेपाच भागिले २.१७, अडीच खड्डे. एका गोणीत अडीच खड्डे. समोर पत्र्यावर हेच तर झालं होतं.

मग पूर्ण हिशेब केला, जो चार दिवस आधी संध्याकाळी मामांना टेप धरायला लावून करता आला असता. साधे पोल ५१, प्रत्येकी २.१७, जवळजवळ १११. फाटकाचे दोन खड्डे, साडेचार-साडेचार, खांबांची जागा वजा जाता साडेआठ. टेकूंचे चौदा, फूटभर घनाचे, टेकूची जागा वजा १३. एकूण १३२ घनफूट. भागिले साडेपाच: चोवीस गोण्या.

मिस्त्री चहा संपवून कप विसळत होते. मी म्हटलं, "चोवीस."

"मी पंचवीस बोल्लो होतो," ते म्हणाले. त्यांनी दुसऱ्यांदा बोलून दाखवलं नाही, म्हणून मीही सांगून टाकते: त्यांची एक ब्रास वाळू मागवली असती तर चाळीस घनफूट वाळू आज मामांच्या अंगणात पडलेली असती.

दहा वाजले होते. गावातल्या दुकानात सिमेंट चारच गोण्या निघाल्या. उरलेल्या सात, वाळूच्या पाच गोण्या आणि खडीच्या दहा अशी ऑर्डर नांदेड फाट्याच्या त्याच दुकानदाराला फोनवर दिली. तो म्हणाला, "ताई, आता नक्की ना?" टेंपो सव्वाअकराला निघाला आणि धरणापाशी अडकला. नवरा मुलांना घेऊन जेवणाच्या वेळेला येणार होता, तोही त्याच रांगेत दहा गाड्या मागे होता. तो मला तिथून टेंपोची खबर देत होता: हलला, थांबला, आता ड्रायव्हरने कणीस घेतलं.

टेंपो येईपर्यंत मिस्त्रींनी खड्ड्यांतून निघालेले दगड कामाला लावले. मुठीएवढे, पाण्याने माती धुऊन काढलेले. काँक्रीटचा थर, मग चार-पाच दगड, ते पोलला आणि एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, मग पुन्हा थर. पोलला चिकटलेल्या दगडाभोवती पोकळी राहते आणि दगड माती जाईपर्यंत धुतलेला नसेल तर काँक्रीट त्याला धरत नाही. कडेचे, पोकळी झालेले मोठे खड्डे यातच भागले. एकोणिसाव्यात तर अर्धं टोपलं दगड गेले. दगडांनी एक गोणी तरी वाचवली.

खड्डे वरून रुंद आणि खाली निमुळते असतील तर ते सरळ करून घ्या, हेही मी त्या दिवशी शिकले. आमचे निम्मे गाजरासारखे होते. गाजर मातीतून उपटायला सोपं, तसाच तो काँक्रीटचा गोळा. मिस्त्रींनी पहारीने तळ मोकळा करून घेतला. वरचं तोंड जमिनीपेक्षा दोन बोटं वर ठेवून बाहेर ढाळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी पोलच्या बुडाशी थांबत नाही.

एक वाजता टेंपो आला, सहाला शेवटचा टेकू भरला. चोवीसातल्या तेवीस गोण्या संपल्या. वाळू पत्र्यावरून झाडून गोळा करावी लागली, खडीची फक्त चार घमेली उरली. एक गोणी सिमेंट मामांच्या पडवीत फळीवर ठेवली, भिंतीपासून लांब, वर प्लॅस्टिक.

पाणी मारायचं काम मामांकडे होतं. साध्या सिमेंटला सात दिवस, पीपीसीला किमान दहा. प्रत्येक बुडाशी ओलं गोणपाट गुंडाळलं होतं, सकाळ-संध्याकाळ भिजवायचं. मामा रोज फोन करायचे, "आज पण?" आणि मी म्हणायचे, "आज पण." तार दहा दिवसांनीच ताणायची ठरली होती.

चौथ्या दिवशी फोन वेगळा आला. मामांची म्हैस सुटली होती आणि गोठ्याच्या बाजूच्या सदतिसाव्या पोलला अंग घासून गेली होती. पोल हातभर कलला होता, बुडाशी काँक्रीटला तडा. मामा म्हणाले, सरळ करून माती ठासतो, कळणार पण नाही. मिस्त्री म्हणाले, तडा गेलेलं परत धरत नाही, फोडा. फोडताना अख्खी सकाळ गेली, पहार दोनदा उडाली. मिस्त्री म्हणाले, "बघा, लाडू घट्टच झालाय." सव्वातीन बादल्यांबद्दल ते एवढंच बोलले.

तो खड्डा फोडाफोडीत आणखी मोठा झाला. मी फोनवरूनच मामांना टेप लावायला सांगितला: अठरा इंच, अठरा इंच, दीड फूट. ३.३८ वजा ०.१७, सव्वातीन घनफूट, अर्ध्या गोणीपेक्षा थोडं जास्त. पडवीतली गोणी फोडली, वाळू म्हणून राहिलेली झाडझूड, उरलेली खडी आणि फोडलेल्या काँक्रीटचे तुकडे धुऊन. पुरलं. या वेळी आकडा काढायच्या आधी खड्डा तयार होता.

गोणीतलं उरलेलं सिमेंट मामांनी कुणाला न विचारता गोठ्याच्या पायरीला लावलं. म्हशीला दावं नवीन आणलं, ते माझ्या हिशेबात धरलंय.